टिप की बलुते? क्रूझच्या केबिनपासून प्रताप नगरच्या दारापर्यंत

दिवाळीच्या सुट्ट्या जवळ आल्या की आमच्याकडे हल्ली एक नवाच प्रश्न येतो. 'मुंबईहून क्रूझने जातोय. केबिन आवरणाऱ्या पोराला शेवटच्या दिवशी किती टिप द्यायची?' विचारणारे आपलेच असतात. प्रताप नगर, त्रिमूर्ती नगर, खामला या पट्ट्यात आता आपली दुसरी-तिसरी पिढी राहते. कुणी बँकेतून निवृत्त झालेले, कुणी रेल्वेत, कुणाची मुलगी पुण्यात नाहीतर सिंगापूरला नोकरीला. आईबापांना एकदा समुद्र दाखवावा म्हणून ही मुले तिकीट काढून देतात.

आमच्यातल्या काही तरुण कार्यकर्त्यांना हा प्रश्नच चीड आणतो. वस्तीत नळाला पाणी नाही आणि तुम्ही जहाजावरच्या बक्षिशीवर चर्चा करता? राग समजतो, पण पटत नाही. आपली माणसे समुद्रावर जातात यात गैर काहीच नाही. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो म्हणणाऱ्यांचा धाक आपल्याला नव्हता आणि नसावा. बाबासाहेब 1913 साली न्यूयॉर्कला गेले ते जहाजानेच, 1930 साली गोलमेज परिषदेला गेले तेही जहाजानेच. त्या काळात पी अँड ओ कंपनीच्या जहाजांवर ताटे वाढणारे, केबिन आवरणारे स्टुअर्ड बहुतांशी गोव्याचे असत. गोव्यात जहाजावर नोकरी करणाऱ्याला तारवटी म्हणतात. घराघरात तारवटी असलेली गावे तिथे आजही आहेत. म्हणजे आपण ज्याला टिप किती द्यायची विचारतो तो कुणी परका नाही. त्याची आणि आपली भाषासुद्धा शेजारची आहे.

तेव्हा जायचे की नाही हा प्रश्न नाही. गेल्यावर आपण कुणाच्या बाजूला उभे राहतो, एवढाच प्रश्न आहे.

आधी तिथला व्यवहार समजून घेऊ. मोठ्या अमेरिकन कंपन्यांच्या जहाजांवर तिकिटाशिवाय माणशी, दर रात्री साधारण 16 ते 20 डॉलर 'ग्रॅच्युइटी' म्हणून वेगळे लावले जातात. (आपल्याकडे ग्रॅच्युइटी म्हणजे निवृत्तीच्या वेळी मिळणारी हक्काची रक्कम. तिकडे याच शब्दाचा अर्थ खुशीने दिलेले पैसे. शब्दसुद्धा कुणाच्या हातात आहे यावर अर्थ ठरतो.) चौघांचे घर सात रात्री गेले तर 16 च्या हिशेबाने 448 डॉलर, म्हणजे पस्तीस हजार रुपयांच्या वर. ही रक्कम केबिन स्टुअर्ड, जेवण वाढणारे, पडद्यामागे काम करणारे यांच्यात वाटली जाते असे कंपन्या सांगतात. आणि इथेच खरी मेख आहे. बऱ्याच जहाजांवर प्रवाशाला काउंटरवर जाऊन ही रक्कम कमी करून घेता येते, पूर्ण काढूनही टाकता येते. ती कशी काढायची याचे सल्ले पर्यटक मंडळी एकमेकांना देत असतात.

आता ज्याच्या पोटातून ती रक्कम काढली जाते त्याच्याकडे पाहा. एकेका स्टुअर्डकडे डझनाहून जास्त केबिन. गादी, चादर, कचरा, संडास-बाथरूम, ओले टॉवेल. रोज एकदा, काही जहाजांवर दोनदा. वर टॉवेलचा हत्ती नाहीतर माकड करून पलंगावर ठेवायचे, म्हणजे साहेबांची मुले खूश. करार सहा ते नऊ महिन्यांचा. त्यात रविवार नाही, सण नाही. 2006 चा आंतरराष्ट्रीय सागरी श्रम करार 2013 पासून लागू झाला, भारताने तो 2015 मध्ये मान्य केला. तो सांगतो की खलाशाला 24 तासांत किमान 10 तास आणि आठवड्यात किमान 77 तास विश्रांती हवी. हे उलटे करून वाचा. 24 तासांत 14 तास काम करून घेतले तरी नियम मोडत नाही. जहाजाचा मालक मायामीत बसतो, पण जहाजाच्या टोकाला झेंडा असतो बहामाचा, पनामाचा नाहीतर बर्म्युडाचा. त्यामुळे अमेरिकेचा किमान वेतन कायदा या स्टुअर्डला लागू होत नाही.

जहाजावर वरच्या डेकवर बाल्कनीवाल्या केबिन, त्याखाली खिडकीवाल्या, मग बिनखिडकीच्या आणि सगळ्यात खाली, पाण्याच्या पातळीच्या आसपास, कामगारांच्या दोघादोघांच्या खोल्या. वर कप्तान आणि अधिकारी बहुधा युरोपातले. खाली फिलिपाइन्स, इंडोनेशिया, भारत. 1920 साली 'मूकनायक'च्या पहिल्या अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला जिने नसलेल्या अनेक मजली मनोऱ्याची उपमा दिली होती. जहाजाला जिने आहेत, लिफ्टही आहे. पण कोणता जिना कुणी वापरायचा हे तिथेही ठरलेले असते.

काम ठरलेले, कामाचे तास मात्र ताणता येणारे आणि मोबदल्याचा मोठा हिस्सा समोरच्याच्या मर्जीवर. हे चित्र आपल्याला ओळखीचे वाटायला हवे. आपल्या आजोबा-पणजोबांनी ते जगले आहे. त्याला तेव्हा टिप म्हणत नसत, बलुते म्हणत.

मुंबई प्रांतात 1874 च्या वतन कायद्याने महाराला सरकारी आणि गावकीच्या कामाला बांधून टाकले होते. सांगावे पोचवायचे, पाटील-तलाठ्याबरोबर फिरायचे, खजिना न्यायचा, रात्री गस्त घालायची. वेळेचे बंधन नाही. घरातला कर्ता गडी गावाबाहेर गेला असेल तर दुसऱ्याने यायचे. बदल्यात वतनाच्या जमिनीचा तुकडा, सरकारकडून नावापुरती रक्कम आणि बाकी सगळे गावाकडून मिळणारे बलुते. सुगीत खळ्यावर जायचे, उभे राहायचे, मालक देईल ते घ्यायचे. पीक चांगले आले आणि मालक खुशीत असला तर दोन पेंढ्या जास्त. त्याच्यासमोर मान वर केली असेल तर तेही नाही. महाडनंतर गावोगावी महारांनी मेलेली ढोरे ओढणे सोडले, शिळे-उष्टे नाकारले, तेव्हा गावाचे पहिले हत्यार हेच निघाले: बलुते बंद! आपल्याकडे मध्यप्रांतात कायदा वेगळा होता आणि शब्द होता कोतवाल. खळ्यावर हात पसरणे मात्र तेच.

बाबासाहेबांनी यावर काय केले? 1928 साली त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. 'गावाने महाराला जरा सढळ हाताने द्यावे', अशी विनंती त्यांनी केली नाही. बलुते किती असावे याचा शिष्टाचार गावाला शिकवत बसले नाहीत. त्यांची मागणी अशी होती की बलुत्याचे रोख रकमेत रूपांतर करा, ती रक्कम सरकारने रयतेकडून शेतसाऱ्याबरोबर वसूल करावी आणि महाराला द्यावी. म्हणजे देणारा आणि घेणारा यांच्यामधले ते खळे, ते वाट पाहणे, ते 'धनी, माय-बाप' संपेल. काम सरकारचे, पैसा सरकारकडून, मर्जीचा संबंध नाही. विधेयक त्या वेळी पास झाले नाही. महारवतने कायद्याने संपायला 1958 चा कायदा यावा लागला. तो पाहायला बाबासाहेब नव्हते.

आम्हाला या विधेयकातला सगळ्यात मोठा मुद्दा पैशाच्या रकमेचा वाटत नाही. माप कुणाच्या हातात, हा आहे. ज्याच्या हातात माप, त्याच्यासमोर माणूस वाकतो. दोन पायल्या मिळाल्या तरी वाकतो आणि चार मिळाल्या तरी वाकतो.

कुणी म्हणेल, कुठे बलुते आणि कुठे अमेरिकेची टिप. ओढून-ताणून जोडताय. मग अमेरिकेचाच इतिहास पाहू. तिथे गुलामी संपल्यावर मुक्त झालेल्या काळ्या माणसांना पुलमन कंपनीने रेल्वेच्या झोपायच्या डब्यांत पोर्टर म्हणून ठेवले. बिछाना घालायचा, बूट पॉलिश करायचे, रात्रभर जागायचे. म्हणजे जहाजावरच्या केबिन स्टुअर्डचेच काम, फक्त रुळांवर. पगार इतका कमी की प्रवाशाच्या टिपवरच घर चालावे. प्रवासी सगळ्या पोर्टरांना 'जॉर्ज' म्हणून हाक मारत, कारण कंपनीच्या मालकाचे नाव जॉर्ज पुलमन. गुलामाला मालकाच्या नावाने ओळखायचे, तीच रीत. आणि ज्या अब्राहम लिंकनने गुलामी मोडली त्याचाच मुलगा, रॉबर्ट टॉड लिंकन, पुढे या कंपनीचा अध्यक्ष झाला! बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, 1913 ते 1916, त्या काळात अमेरिकेत हे सगळे चालू होते.

त्या पोर्टरांनी 1925 साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली संघटना बांधली. बारा वर्षे लढून 1937 मध्ये कंपनीला करार करायला लावला आणि महिन्याचे 400 तासांचे काम 240 वर आणले. टिप वाढवून मिळावी यासाठी ते लढले नाहीत. पगार आणि तास यासाठी लढले.

पण रोग गेला नाही. आजही अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने तासाला 2.13 डॉलर दिले तरी चालतात, बाकी टिपेतून भरून निघेल असे धरले जाते. हा आकडा 1991 पासून हललेला नाही. म्हणजे गिऱ्हाईक टिप देते तेव्हा आधी मालकाचा खर्च वाचवते. क्रूझचा धंदा याच मुशीतून घडला आहे.

'आम्ही खुशीने देतो, त्यात काय बिघडले?' हा प्रश्न प्रामाणिक असतो, म्हणून टाळत नाही. खुशीने देण्यात काहीच बिघडत नाही, समोरच्याचे पोट तुमच्या खुशीवर नसेल तर. मित्राच्या मुलाला आपण पाचशे रुपये देतो, त्याच्या घरची चूल त्यावर पेटत नाही. स्टुअर्डची पेटते. मार्च 2020 मध्ये कोरोनाने जहाजे रिकामी झाली, प्रवासी उतरून आपापल्या देशात गेले, कामगार मात्र महिनोन्महिने जहाजांवरच अडकले. त्यात गोव्याचे, मुंबईचे कितीतरी होते. प्रवासी नाही म्हणजे टिप नाही. ज्या कमाईच्या भरवशावर घरी कर्ज काढले होते, ती कमाई मुळात पगार नव्हतीच, हे तेव्हा उघडे पडले.

दुसरे एक टोक आमच्या काही जहाल मित्रांचे आहे. टिप ही गुलामी, म्हणून आम्ही देणारच नाही! ऐकायला क्रांतिकारक वाटते. प्रत्यक्षात अशा क्रांतीचा खर्च कोण सोसतो? मालकाला दमडीचा फटका बसत नाही, स्टुअर्डचा महिना मात्र बुडतो. बाबासाहेबांनीही आधी बलुते बुडवा, मग बघू असे म्हटले नव्हते. बलुत्याच्या जागी काय येणार, ते विधेयकात लिहून दिले होते. आपल्या खिशातले पैसे वाचवून त्याला तत्त्व म्हणायचे, हा कंजूषपणा आहे आणि त्याला निळा रंग देऊ नये.

आपल्या देशातही असा एक वाद नुकताच झाला. हॉटेलांनी बिलात परस्पर सर्व्हिस चार्ज लावू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये काढली आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. ग्राहकाला फसवून पैसे घेऊ नयेत, हे बरोबरच. पण या सगळ्या गोंधळात वेटरला पगार किती, या प्रश्नाला कुणी हात घातला नाही. मालक म्हणतो चार्ज त्यांच्यासाठी आहे, ग्राहक म्हणतो आम्ही का द्यावा, आणि वेटर दोघांच्या मध्ये ट्रे धरून उभा. फ्रान्सने 1987 पासून सेवेचे मोल खाद्यपदार्थाच्या किमतीतच धरायला लावले आहे. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर 2024 पासून कायदा आहे की टिपेतला एक पैसाही मालकाने ठेवायचा नाही. तेव्हा हे करता येत नाही असे कुणी सांगू नये.

मर्जीचे हक्कात रूपांतर होते याचा सगळ्यात जवळचा पुरावा तर आपल्या महाराष्ट्रातच आहे. पहिल्या महायुद्धाच्या तेजीत मुंबईच्या गिरणीमालकांनी कामगारांना बोनस द्यायला सुरुवात केली. नफा घटला तसा 1923 मध्ये बंद केला. कामगारांनी 1924 च्या सुरुवातीला संप केला. सरकारने समिती नेमली, अध्यक्ष मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश मॅक्लिऑड. समितीने सांगितले की बोनसवर कामगारांचा कायदेशीर हक्क नाही. मालकाची बक्षिशी ती, दिली तर दिली. त्याच बोनसचा 1965 साली कायदा झाला आणि त्या कायद्यात पुढे 8.33 टक्के हा किमान दर ठरला. आपल्या वडिलांना ऑफिसात मिळालेला बोनस हा कुणाच्या खुशीचा नव्हता, तो 1924 च्या उपाशी संपकऱ्यांनी सुरू केलेल्या भांडणाचा शेवट होता. किमान वेतनाचेही तसेच. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनी 1946 मध्ये ते विधेयक मांडले, 1948 मध्ये कायदा झाला.

मग आपल्याच घरी काय चालले आहे?

नागपुरात आपल्याकडे एक शब्द आहे, बोजारा. पोळ्याला गड्याला द्यायचा तो बोजारा, तान्हा पोळ्याला लाकडी बैल घेऊन आलेल्या पोरांना द्यायचा तोही बोजारा. पोरांचा बोजारा गोड आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण दिवाळीत कचरागाडीवरचा माणूस दारात येतो, चौकीदार येतो, भांडी घासणारी ताई थोडी रेंगाळते, तेव्हा आपण त्यांच्या हातावर जे ठेवतो त्यालाही मनात बोजाराच म्हणत असतो. कुणाला पन्नास, कुणाला दोनशे, कुणाला मागच्या वर्षीची साडी. वर्षभर ती ताई खाडे न करता आली का, याचा हिशेब त्याच वेळी निघतो. हे खळेच आहे. फरक एवढाच की आता माप आपल्या हातात आले आहे. आपल्या कितीतरी घरांत भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे आणि त्याखालच्या ओट्यावर काम करणाऱ्या बाईला महिन्याच्या दोन हक्काच्या सुट्ट्याही नाहीत. ती बाई बहुतेक वेळा आपल्याच समाजाची असते, हे लिहिताना आम्हाला बरे वाटत नाही, पण लिहिलेच पाहिजे.

याच शहरात डॉ. रूपा कुलकर्णी-बोधी यांच्या नेतृत्वाखाली विदर्भ मोलकरीण संघटनेने घरकाम करणाऱ्या बायांना कामगार म्हणून ओळख मिळावी म्हणून वर्षानुवर्षे मोर्चे काढले. 2008 मध्ये राज्याने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. आपण त्या मोर्चांचे कौतुक करतो. आपल्या ओट्यावरच्या ताईची मंडळाकडे नोंदणी झाली आहे का, हे किती जणांनी विचारले?

तर, ज्यांनी विचारले त्यांना उत्तर. क्रूझचे तिकीट काढतानाच ग्रॅच्युइटी किती, ती तिकिटात धरली आहे की जहाजावर लावणार, हे विचारून घ्या. कंपनीप्रमाणे रीत बदलते. ती रक्कम प्रवासाच्या खर्चात पहिल्या दिवसापासून धरा. परवडत नसेल तर एक रात्र कमी करा, पण काउंटरवर जाऊन ती कापून घेऊ नका. टॉवेलचा हत्ती केला की नाही यावर रक्कम ठरवू नका. तुम्ही परीक्षक नाही. वर काही द्यायचे असेल तर पहिल्या-दुसऱ्या दिवशी द्या, शेवटच्या रात्रीपर्यंत माणसाला झुलवत ठेवू नका. त्याच्या छातीवर नाव लिहिलेले असते, त्या नावाने हाक मारा, 'ए बॉय' नको. आणि उतरताना कंपनी अभिप्रायाचा कागद देते, त्यात जेवणाला तारे देऊन झाले की लिहा: या माणसांचा पगार तिकिटातच धरा, आम्ही तेवढे जास्त द्यायला तयार आहोत. एका कागदाने काही होत नाही, ठाऊक आहे. 1928 च्या एका विधेयकानेही लगेच काही झाले नव्हते.

आपल्या पोरांपैकी कुणी जहाजावर नोकरीला जाणार असेल तर त्याला दोन गोष्टी सांगा. भरती करणाऱ्या एजन्सीकडे जहाजबांधणी नव्हे, जहाजवाहतूक महासंचालनालयाचा परवाना असावा लागतो, आणि नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेणे बेकायदा आहे. करारात मूळ पगार किती आणि टिपेचा अंदाज किती, हे वेगवेगळे लिहून मागा. अंदाजावर कर्ज काढू नका.

घरच्यासाठी आम्ही प्रताप नगरात यंदा असे ठरवले आहे. घरकामाच्या ताईला दिवाळीला एक महिन्याचा पूर्ण पगार बोनस, आणि तो दिवाळीच्या पंधरा दिवस आधी, मागायची वेळ येऊ न देता. आठवड्याला एक सुट्टी. आपण फिरायला गेलो म्हणून घर बंद असेल तर त्या दिवसांचा पगार कापायचा नाही, कारण सहलीला आपण गेलो, ती नाही. हे सगळे एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या आणि एक प्रत तिच्याकडे. पहिल्या दहा-बारा घरांत हे कागद झाले आहेत. दोन घरांनी नकार दिला, तीन घरे 'बघू' म्हणाली. ज्यांना कागदाचा नमुना हवा असेल त्यांनी रविवारी सकाळी बुद्धवंदनेनंतर थांबावे.